बिटलॉकर चालू होईना: रत्नागिरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसचं प्रकरण

रत्नागिरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मुख्य मशीनवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू होत नव्हता. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'टर्न ऑन बिटलॉकर', आणि लगेच निरोप: या मशीनला टीपीएम (किल्ल्या जपणारा, मशीनमधला सुरक्षेचा भाग) वापरता येत नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने अमुक पॉलिसी बदलावी. तक्रार एवढीच होती. ती सोडवायला बसल्यावर एकाखाली एक दडलेले दोष निघत गेले, आणि सगळ्यात तळाशी निघाला तो किरकोळ किमतीचा एक सेल. लहान ऑफिसांच्या देखभालीची कामं करणाऱ्यांना हा क्रम उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑफिस लहान. साहेब, दोन सहायक आणि डेटा एन्ट्री करणाऱ्या एक ताई. ग्राहक म्हणजे आंबा बागायतदार, काजू कारखानदार, मिरकरवाड्याचे ट्रॉलरवाले, आणि मुंबईत नोकरी करून गावच्या घरा-जमिनीचे व्यवहार इथून बघणारे चाकरमानी. प्रत्येकाचं पॅन, आधारची स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, कर्जाचे कागद, खरेदीखतं, सगळं या एका मशीनवर. त्यातल्या एका निर्यातदार ग्राहकाचं पत्र आलं: आमची माहिती ज्या संगणकांवर ठेवता, त्यांच्या डिस्क एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या) आहेत असं लेखी द्या. पत्रात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा हवाला होता. माहिती जपण्यासाठी वाजवी खबरदारी घेतली नाही तर या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. चार माणसांच्या ऑफिसला कुणी तेवढा दंड लावेल असं साहेबांनाही वाटत नव्हतं. पण पत्राला उत्तर द्यायचं होतं, आणि खोटं द्यायचं नव्हतं.

'विंडोजला पासवर्ड आहे ना, मग आणखी काय हवं?' हा प्रश्न इथेही निघालाच. विंडोजचा पासवर्ड ते विंडोज चालू आहे तोवरच कामाचा. कॅबिनेटचे दोन स्क्रू काढून एसएसडी बाहेर घेतली आणि दुसऱ्या मशीनला लावली की सगळ्या फायली उघड्या पडतात. बिटलॉकर डिस्कवरचा मजकूरच वाचता न येण्यासारखा करून ठेवतो आणि त्याची किल्ली टीपीएमच्या ताब्यात देतो. मशीन सुरू होताना आधीच्यासारखंच आहे, मधे कुणी हात घातलेला नाही, हे जुळलं तरच टीपीएम किल्ली सोडतो.

माझ्याआधी कुणीतरी फोनवर साहेबांना झटपट उपाय सांगून ठेवला होता: ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवण्याच्या जागी) जा, ऑपरेटिंग सिस्टीम ड्राइव्हच्या भागात 'सुरू होताना जादा ओळख मागा' ही पॉलिसी चालू करा, त्यातच 'सुसंगत टीपीएम नसतानाही बिटलॉकर चालू द्या' अशी खूण आहे ती करा. हा उपाय खोटा नाही. विंडोज प्रो आवृत्तीत तो चालतो आणि ज्या मशीनला खरंच टीपीएम नाही तिथे दुसरा मार्गही नसतो. पण मग रोज सकाळी मशीन चालू करताना एक तर वेगळा पासवर्ड टाकावा लागतो किंवा किल्ली असलेला पेनड्राइव्ह लावावा लागतो. चार जणांच्या ऑफिसात तो पासवर्ड आठवड्याभरात मॉनिटरच्या कडेला चिकटतो आणि पेनड्राइव्ह कायमचा मागच्या पोर्टात राहतो. कॅबिनेट उचलून नेणारा किल्लीही सोबतच नेणार. शिवाय सुरू होण्याआधी मशीन तपासण्याचं जे काम टीपीएम करतो ते होतच नाही. निरोपात पॉलिसीचं नाव आलं म्हणून दोष पॉलिसीत आहे असं होत नाही. टीपीएम का दिसत नाही, हे आधी बघायचं होतं.

मशीन २०१८ च्या सुमाराचं, इथेच जोडून घेतलेलं. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, २५६ जीबीची एसएसडी, विंडोज १० प्रो. रनच्या खिडकीत 'टीपीएम डॉट एमएससी' टाकल्यावर उत्तर आलं की सुसंगत टीपीएम या संगणकावर सापडत नाही. इथे बरेच जण 'बोर्डावर चिप नाही' म्हणून हात टेकतात. पण त्या पिढीच्या इंटेल मशीनमध्ये टीपीएमची वेगळी चिप लागत नाही. ते काम चिपसेटच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅममध्येच होतं, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) त्याचं नाव पीटीटी. एएमडीच्या मशीनमध्ये हेच एफटीपीएम नावाने असतं. त्या काळातले बरेच बोर्ड कारखान्यातून पीटीटी बंद ठेवूनच यायचे, कारण तेव्हा कुणी विचारत नव्हतं. विंडोज ११ ने २०२१ मध्ये टीपीएम २.० सक्तीचा केला, त्यानंतर लोक बायोसचा तो कोपरा उघडू लागले.

बायोसमध्ये गेलो. पीटीटी बंदच होतं. चालू केलं, एफ टेन दाबून सेव्ह केलं, विंडोजमध्ये टीपीएम २.० दिसू लागला, 'वापरासाठी तयार' अशी ओळही आली. ताईंच्या एन्ट्रीचं काम तुंबलेलं होतं, म्हणून पुढचं दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी टीपीएम पुन्हा गायब. बायोसमध्ये पीटीटी पुन्हा बंद.

कुणी बायोसला हात लावलेला नव्हता. मग नजर गेली कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीकडे. पाण्याचा हात लागून शाई फुटलेली, पण वाचता येत होतं: 'सकाळी एफ टू दाबणे. मग तारीख बदलणे.' ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रोजच येतं ओ ते. काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजीत येतं, एफ वन दाबा नाहीतर एफ टू दाबा. एफ वन दाबलं तर निळं काहीतरी उघडतं नि तिथेच अडकतं. एफ टू दाबलं की सरळ चालू होतं. फक्त तारीख मागे गेलेली असते, ती मी करते नीट. नाहीतर जीएसटीची साइट उघडत नाही ना."

सगळं प्रकरण त्या चिठ्ठीत होतं. काळ्या पडद्यावरचा मजकूर दुसऱ्या सकाळी मी स्वतः पाहिला: सीमॉसची (बोर्डावरच्या घड्याळाची) तारीख-वेळ लावलेली नाही, सेटअपसाठी एफ वन, मूळ सेटिंग घेऊन पुढे जाण्यासाठी एफ टू. म्हणजे ताई रोज सकाळी, नकळत, बायोसची सगळी सेटिंग कारखान्यातल्यासारखी करत होत्या, आणि कारखान्याच्या सेटिंगमध्ये पीटीटी बंद होतं. त्यांची चूक म्हणता येणार नाही. मशीन दोन पर्याय देत होतं, त्यातला एक काम अडवायचा आणि दुसरा चालू करायचा. जीएसटीच्या साइटचंही तेच. घड्याळ काही वर्षं मागे असेल तर साइटचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ब्राउझरला वाटतं आणि तो साइट उघडू देत नाही. घड्याळ इतकं मागे गेलं की विंडोजही ते इंटरनेटवरून आपणहून जुळवत नाही. मशीन कितीतरी दिवस ओरडून सांगत होतं, फक्त वेगळ्या भाषेत.

कॅबिनेट उघडलं. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा सेल सीआर २०३२, नाण्याएवढा. मल्टिमीटरवर व्होल्टेज अडीचच्याही खाली. नवा सेल तीन व्होल्टचा असतो. होल्डरच्या पितळी पत्तीवर हिरवट कळंक चढला होता, तसा तो समुद्राजवळच्या जुन्या मशीनमध्ये चढतो. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल, दुसरं कारण शोधायची गरज नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पत्ती साफ केली, नवा सेल बसवला, बायोसमध्ये तारीख आणि पीटीटी दोन्ही लावलं.

सेल इतक्या लवकर का मेला, हा प्रश्न साहेबांनी विचारला आणि तो योग्य होता. डेस्कटॉप बंद असला तरी मागे वीज चालू असेल, तर घड्याळ पॉवर सप्लायच्या स्टँडबाय विजेवर चालतं आणि सेलवर फारसा भार येत नाही. पण आमच्याकडे पावसाच्या तोंडावर विजा कडाडायला लागल्या की संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विचच पाडायचा, ही सवय घराघरात आणि दुकानादुकानात आहे, आणि ती बरोबरही आहे. पडलेल्या विजेने राउटर, सेटटॉप बॉक्स, मशीन जळाल्याच्या कथा प्रत्येक वाडीत सापडतील. पुढे ती सवय बाराही महिने टिकते. गणपतीत ऑफिस बंद, शिमग्यात बंद, त्या सगळ्या दिवसांत घड्याळ सेलवरच. मी मेन स्विच चालू ठेवा असं सांगितलं नाही. सेल दर दोन-अडीच वर्षांनी, पावसाळ्याआधी, आपणहून बदलायचा एवढं देखभालीच्या वहीत लिहिलं. सगळेच बोर्ड सेल गेला म्हणून सेटिंग विसरत नाहीत. बऱ्याच नव्या बोर्डांत सेटिंग फ्लॅशमध्ये राहतात. पण घड्याळाची वीज तुटल्याचं दिसलं की मूळ सेटिंग पुढे करणारे बोर्डही भरपूर आहेत.

आणखी एक गोष्ट या टप्प्यावर साहेबांना मुद्दाम दाखवून दिली. समजा त्या पहिल्याच दिवशी, टीपीएम दिसतोय तोवर, घाईने बिटलॉकर चालू केला असता आणि तो चालू झालाही असता. दुसऱ्या सकाळी ताईंनी एफ टू दाबला असता, पीटीटी बंद झालं असतं, टीपीएम नाहीसा, आणि विंडोजऐवजी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली असती. तीही रोज सकाळी. मासेमारी बंदीच्या जून-जुलैत, जेव्हा ट्रॉलरवाले किनाऱ्यावर असतात आणि पिशवीभर कागद घेऊन विवरणपत्र भरायला येतात, तेव्हा हे घडलं असतं तर साहेबांनी मला उभं केलं नसतं.

सेल बदलल्यावर टीपीएम टिकला. बिटलॉकर मात्र अजूनही तयार नव्हता. आता दुसरी पायरी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बिटलॉकर-एपीआयची वेगळी नोंदवही असते, अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्सच्या खाली मायक्रोसॉफ्ट, विंडोज, मग बिटलॉकर-एपीआय, मॅनेजमेंट. पडद्यावरचे निरोप ढोबळ असतात, तिथल्या नोंदी कामाच्या. ८५३ म्हणजे टीपीएम सापडत नाही किंवा बूट होणारी सीडी-डीव्हीडी आत आहे. ८५१ मध्ये बायोस अपग्रेडसाठी उत्पादकाला विचारायला सांगतात, आणि ती बहुधा मशीन जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होत असल्याची खूण असते. ८५४ म्हणजे रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (विंडोज उठेनासं झालं तर दुरुस्तीसाठीची सोय) जागेवर नाही. 'एमएसइन्फो ३२' उघडून बायोस मोडची ओळ पाहिली: लेगसी. टीपीएम २.० ला यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) लागतंच, लेगसी किंवा सीएसएममध्ये (नव्या बोर्डावर जुनी पद्धत चालवणारी सोय) तो बिटलॉकरच्या कामाला येत नाही.

लेगसी का, तर हे विंडोज मुळात कधीतरी जुन्या मशीनवरचं विंडोज ७. त्यावर १० चढवलं, आणि २०१८ मध्ये नवं मशीन घेताना जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन केली. पुन्हा सगळी सॉफ्टवेअर टाकायचा त्रास वाचला, पण डिस्कच्या भागांची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीचीच राहिली. बायोस यूईएफआयवर टाकला असता तर मशीनच उठलं नसतं. डिस्क आधी जीपीटी या नव्या मांडणीची करायची होती.

फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकणं हा एक मार्ग होता, आणि पुष्कळ लोक तोच घेतात. इथे तो नको होता. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, आयकराच्या जुन्या वर्षांची साधनं, श्रीलिपीतले जुने मराठी मसुदे, हे सगळं पुन्हा जुळवण्यात ऑफिसचे दिवस गेले असते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीबरोबर एमबीआर२जीपीटी हे साधन दिलं आहे. ते डेटा न पुसता मांडणी बदलतं. बदलण्याआधी फक्त तपासणी करायची सोयही त्यात आहे, आणि ती सोय न वापरता थेट रूपांतर करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

तपासणी नापास झाली: डिस्क शून्यच्या मांडणीची पडताळणी फसली. कारण डिस्क मॅनेजमेंट उघडताच दिसलं. सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी, डी, आणि त्यांच्या शेजारी हिरव्या चौकटीत ई. ती हिरवी चौकट म्हणजे एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात आणखी भाग ठेवणारा डिस्कचा भाग) आणि आतला ई म्हणजे लॉजिकल. एमबीआर२जीपीटीला लॉजिकल चालत नाही. फार तर तीन प्रायमरी पार्टिशन, बाकी काही नको. एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे करून द्यायची आपल्याकडच्या असेंबलरांची जुनी पद्धत आहे, 'विंडोज उडालं तरी डेटा वाचतो' या हिशेबाने. डिस्कच गेली तर चारही तुकडे एकत्रच जातात, पण ते असो.

ई मध्ये जुने बॅकअप, विवरणपत्रांच्या पीडीएफ आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते. शनिवारी दुपारनंतर ऑफिस रिकामं झाल्यावर आधी सगळ्या डिस्कची पूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, ती उघडून दोन-चार फायली चालतात का ते पाहिलं, मग ई काढून टाकला. ई काढल्यावर हिरव्या चौकटीतली मोकळी जागाही वेगळी काढावी लागते. ती राहिली की तपासणी पुन्हा नापास होते आणि माणूस चक्रावतो. चौकट गेल्यावर तपासणी पास, रूपांतर काही मिनिटांत. बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, पहिल्या क्रमांकावर विंडोज बूट मॅनेजर. मशीन उठलं, बायोस मोड यूईएफआय. मोकळी जागा शेजारच्या डी मध्ये जोडून दिली. जुनं ग्राफिक्स कार्ड लावलेल्या मशीनवर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहू शकतो, कारण त्या कार्डाला यूईएफआयची भाषा येत नाही. इथे बोर्डावरचंच ग्राफिक्स होतं, म्हणून तो प्रसंग आला नाही.

तिसरी अडचण रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटची. कमांड खिडकीत रीएजंट-सी ला माहिती विचारली तर 'डिसेबल्ड'. चालू करायला गेलो तर तिची प्रतिमाच सापडत नव्हती, क्लोनच्या भानगडीत कुठेतरी हरवली होती. हाताने बिटलॉकर चालू करताना याने काम अडतंच असं नाही, विंडोज फक्त इशारा देऊन पुढे जातं. पण पुढे कधी विंडोज उठेनासं झालं तर दुरुस्तीचा दरवाजाच नाही, असं मशीन एन्क्रिप्ट करून ठेवायला माझं मन धजत नाही. त्याच आवृत्तीच्या विंडोजच्या आयएसओमधून विनआरई ही फाइल काढली, विंडोजच्या सिस्टीम ३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरात ठेवली, पुन्हा चालू केलं. चाललं.

मग शेवटी विझार्ड पुढे सरकला, आणि पुन्हा थांबला: मशीनमध्ये बूट होणारी डीव्हीडी आहे, ती काढा. ट्रे उघडला तर विंडोज ७ ची डीव्हीडी, कित्येक वर्षं आतच. ती काढली आणि विझार्डची कटकट संपली.

एन्क्रिप्शन चालू करताना एक प्रश्न विचारला जातो: फक्त वापरलेली जागा की सगळी डिस्क? नव्या कोऱ्या डिस्कला पहिला पर्याय पुरतो आणि वेळ वाचतो. पण या डिस्कवर वर्षानुवर्षं फायली आल्या-गेल्या होत्या. पुसलेल्या फायलींचे अवशेष मोकळ्या जागेत पडून असतात, म्हणून सगळी डिस्क. पद्धत विंडोजने स्वतः निवडलेलीच ठेवली, एक्सटीएस-एईएस १२८. सिस्टीम चेकची खूण राहू दिली. त्यात मशीन एकदा रिस्टार्ट होऊन किल्ली खरोखर सुटते का ते बघतं आणि मगच काम सुरू करतं. मधे लाईट गेली तर काय, हा रत्नागिरीत पहिला प्रश्न. यूपीएस होताच, पण तसाही बिटलॉकर जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो. वीज अचानक गेली तरी चालतं. त्या संध्याकाळी लाईट गेलीही, आणि आल्यावर टक्केवारी पुढे सरकली.

काम झाल्यावर मॅनेज-बीडीई या बिटलॉकरच्या कमांडचं स्टेटस बघितल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही, हा माझा नियम. तिथे दोन वेगळ्या गोष्टी दिसतात: किती टक्के एन्क्रिप्ट झालं, आणि संरक्षण चालू आहे की बंद. दोन्ही हव्यात. सहायकाच्या लॅपटॉपवर हाच फरक भेटला. तो विंडोज होमवरचा, त्यात पूर्ण बिटलॉकर नसतो, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं. स्टेटस १०० टक्के एन्क्रिप्टेड, पण प्रोटेक्शन ऑफ, आणि किल्लीच्या रकान्यात काहीच नाही. लॅपटॉप लोकल अकाउंटवर चालत होता. अशा वेळी विंडोज डिस्क एन्क्रिप्ट करून किल्ली उघड्यावरच ठेवतं, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन होऊन रिकव्हरी की तिथे जमा झाली की मगच खरं कुलूप लागतं. सहायकाला आपला लॅपटॉप 'आधीपासून एन्क्रिप्टेड' वाटत होता. अकाउंट जोडल्यावर काम झालं.

मुख्य मशीनवर सी झाला म्हणून ऑफिस झालं असं नव्हतं. हिशेबाचा सगळा डेटा आणि ग्राहकांच्या स्कॅन डी वर. नुसता सी एन्क्रिप्ट करून पत्राला होकार देणारी ऑफिसं असणार याची मला खात्री आहे. डी ही एन्क्रिप्ट केला आणि ऑटो-अनलॉक लावलं. सी एन्क्रिप्टेड असेल तरच ही सोय मिळते, त्यामुळे ताईंना वेगळं काही करावं लागत नाही.

रिकव्हरी कीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. प्रत्येक गट ११ ने निःशेष भागला जातो, त्यामुळे लिहून घेताना एखादा आकडा चुकला तर बहुधा तिथल्या तिथे कळतं. सी आणि डी ला वेगळ्या की, आणि प्रत्येकीला स्वतःची ओळखसंख्या. ती ओळखसंख्या कागदावर वर लिहिली, कारण निळ्या पडद्यावर तीच दिसते आणि कुठला कागद काढायचा ते तिच्यावरून ठरतं. कागद किती आणि कुठे, यावर साहेबांशी चर्चा झाली. पहिला विचार ऑफिसच्या लोखंडी कपाटातल्या खालच्या खणाचा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा खालच्या खणांतल्या कागदांचा लगदा झाला होता, आणि साहेबांचे काही ग्राहक तिथलेच. त्यामुळे एक प्रत साहेबांच्या घरी वरच्या मजल्यावर, एक बँकेच्या लॉकरमध्ये. ऑफिसात एकही नाही. मशीनच्या शेजारी किल्ली ठेवायची तर पेनड्राइव्हवालाच उपाय काय वाईट होता!

पिवळी चिठ्ठी काढली आणि तिच्या जागी दुसरी लावली: बायोस अपडेट, सेल बदल किंवा बोर्डावरचं कुठलंही काम करण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करावा, काम झाल्यावर 'रिझ्यूम'. सस्पेंड म्हणजे डिक्रिप्ट नव्हे. डिस्क तशीच राहते, काही काळापुरती किल्ली मोकळी ठेवली जाते. कुणी तिसरा तंत्रज्ञ आला तरी ताई त्याला ती चिठ्ठी दाखवतील, यावर माझा विश्वास आहे.

तिसरं मशीन स्कॅनरला जोडलेलं, खूपच जुनं. त्यात ना चिप, ना फर्मवेअरमधला टीपीएम. तिथे पॉलिसीवाला मार्ग उपलब्ध होता, पण ज्याच्यावर दिवसभर कुणीही येऊन कागद स्कॅन करतं त्या मशीनला रोज पासवर्ड घालून काही साधणार नव्हतं. स्कॅन थेट मुख्य मशीनच्या डी वर जातील अशी सोय केली, त्याच्या स्वतःच्या डिस्कवरच्या फायली हलवून मोकळी जागा पुसली. पत्राच्या उत्तरात साहेबांनी तसंच लिहिलं: दोन मशीन एन्क्रिप्टेड, तिसऱ्यावर ग्राहकांची माहिती साठवली जात नाही.

पत्र गेल्यावर दोन डिस्कचा प्रश्न उरला. एक ती बाहेरची हार्ड डिस्क, जिच्यावर रूपांतराआधी सगळ्याची प्रत घेतली होती. तिच्यावरचं सगळं उघडं होतं. तिला बिटलॉकर टू गो (बाहेरून लावायच्या डिस्कसाठीचा बिटलॉकर) लावलं, मोठ्या पासवर्डसह, आणि तीच पुढे नेहमीच्या बॅकअपची डिस्क झाली. दुसरी डिस्क मला माहीतच नव्हती. साहेबांनी सहज टेबलाचा खण उघडून दाखवली. २०१८ मध्ये जिच्यावरून क्लोन केला ती जुनी हार्ड डिस्क, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तोवरच्या सगळ्या ग्राहकांच्या कागदांसकट. जोडली तर ती व्यवस्थित चालत होती. तिच्यावरचं काही राहून गेलेलं नाही हे साहेबांनी बघून घेतलं, मग डिस्कपार्टमध्ये क्लीन ऑल दिलं, म्हणजे प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. जुनी डिस्क, सावकाश चाललं, रात्रभर लावून ठेवावं लागलं. त्या एका रात्री मात्र मेन स्विच पाडू नका असं ताईंना सांगून ठेवलं होतं.